कोरी पाठ

मी आयुष्यात एकच कुस्ती मारली. नवीन जालन्यातल्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या तळघरात, भर दुपारी, आणि तीच कुस्ती सात वेळा मारली. समोर जो उभा होता त्याच्या पाठीला त्याआधी कधीही माती लागली नव्हती. हे वाचून कुणाला माझ्याबद्दल आदर वाटायला लागला असेल तर त्याने जरा दम धरावा.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, धावड्याच्या थोडं अलीकडे. मारुतीच्या देवळामागे तालीम आहे. मी आणि माझा दोस्त सहावीत असताना एकाच दिवशी तिथे गेलो, एकाच दिवशी लंगोट कसला. त्यानंतर मात्र आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. तो कायम वर असायचा आणि मी कायम खाली. जत्रेच्या फडात मी नऊ वर्षं लढलो. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात केली आणि नारळाच्याच कुस्तीवर संपवली, आणि तो नारळही दरवेळी समोरच्याच्या घरी फुटला. अंबडला तर हलगीवाला हलगी शेकून परत येईपर्यंत माझी पाठ लागलेली होती. त्याने मला पुन्हा एकदा लढायला सांगितलं, त्याचं वाजवायचं राहिलं म्हणून.

दोस्ताचं उलट होतं. बुलढाणा म्हणू नका, सिल्लोड म्हणू नका, जिथे फड असेल तिथे तो गेला. काही कुस्त्या मारल्या, काही बरोबरीत सुटल्या, पण चित कधी झाला नाही. आमच्याकडे अशा माणसाला कोऱ्या पाठीचा म्हणतात. हनुमान जयंतीच्या जत्रेत शेवटची मानाची कुस्ती असते, तिच्या दोन पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचा मान कोऱ्या पाठीच्या माणसाचा. पैसा, वय, घराणं काही बघत नाहीत. गावात आमदार आला तरी त्याला खुर्ची मिळते, तो मान मिळत नाही. माझ्या दोस्ताने कुस्ती सोडली त्या वर्षापासून दर जत्रेला तो डोक्याला फेटा बांधून मातीत उतरायचा, दोघांचे हात जुळवायचा आणि न बोलता बाहेर यायचा. तेवढ्या दोन मिनिटांसाठी तो वर्षभर नीट वागायचा, असं त्याची आई म्हणते.

तालमीतला आणखी एक नियम सांगून ठेवतो. हरलेल्याला जिंकलेल्याने हात देऊन उठवायचं आणि त्याच्या पाठीची माती आपल्या हाताने झाडायची. ज्याने लावली त्यानेच काढायची. ती झाडल्याशिवाय कुस्ती संपली असं आमचे वस्ताद मानत नसत. माझी पाठ इतक्या जणांनी झाडली आहे की काही गावांत लोक मला समोरून ओळखत नाहीत. मी मात्र कुणाची पाठ झाडली नव्हती. याचं मला वाईट वाटायचं. हसण्यावारी न्यायचो, पण वाटायचं.

पुढे मी जालन्याला बियाण्याच्या एका कंपनीत कारकून झालो. स्टेशनजवळ ऑफिस, मागे गोदाम, दिवसभर बियाण्याच्या पिशव्या आणि पावत्या. दोस्त गावीच राहिला. मोसंबीची बाग लावली, पंधरा दिवसांनी मोटारसायकलवर एक पोतं बांधून माझ्याकडे येतो, चहा पितो, अर्धं पोतं ठेवून जातो. घरात मी पैलवान असल्याचं सांगून ठेवलं होतं. बायकोचा विश्वास नव्हता.

“पैलवान? आन् तुम्ही? लोणच्याच्या बरणीचं झाकण रोज मीच उघडून राह्यले,” ती म्हणायची.

मुलगी चौथीत. तिचं म्हणणं सरळ होतं. बाबा पैलवान असतील तर फोटो दाखवा. चित झालेल्याचा फोटो कोण काढतो? दोस्त घरी असला की माझी बाजू घ्यायचा. “वहिनी, ह्यो लय भारी कुस्ती मारायचा,” असं तो मोसंबी सोलता सोलता म्हणायचा, माझ्याकडे न बघता. खोटं बोलताना तो कधीच कुणाकडे बघत नाही.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि सिनेमावाले आले. बंद जिनिंगच्या खाली मोठं तळघर आहे, पूर्वी तिथे सरकी ठेवत. मुंबईहून आलेल्या डायरेक्टरला ते फार आवडलं. सिनेमा मारामारीचा. दोन जिगरी दोस्त असतात, गुंड त्यांना पकडतात आणि जमिनीखालच्या अड्ड्यात लोकांसमोर झुंजायला लावतात. जो हरेल तो वर येत नाही. शेवटी दोघांनाच एकमेकांसमोर उभं करतात, मग एकजण दुसऱ्यासाठी गोळी झेलतो, आणि गोळी लागल्यावरही पाच मिनिटं बोलतो. गाणंही आहे. मला ही गोष्ट डायरेक्टरच्या माणसाने आमच्या गोदामासमोरच्या टपरीवर सांगितली. त्याला खरे पैलवान हवे होते. हिरो तळघरात यायच्या आधी तिथे कसं चालतं हे दाखवायला एक छोटी झुंज होती.

“मी स्वतः पैलवान आहे,” मी म्हणालो.

त्याने माझ्या पोटाकडे बघितलं. पण माणूस भला, नाव लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरसमोर गेलो तेव्हा दोस्त सोबत होता, कारण त्या दिवशी त्याचा मोसंबीचा वार होता. पोतं खांद्यावर घेऊनच तो तळघरात उतरला. डायरेक्टर तिशीतला, टोपीवाला, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात वापरणारा. त्याने दोस्ताचे कुस्तीत मोडलेले कान बघितले आणि खुर्चीतून उठला. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याला काहीतरी सुचलं. पहाडासारखा माणूस आणि त्याच्यासमोर हा साधा कारकून, आणि जिंकतो कारकून. “दिखने में क्लर्क, अंदर से खुनशी,” तो म्हणाला. मी वीस वर्षं कारकूनच आहे, दुसरं काय दिसणार होतो. पण जिंकतो हा शब्द मी ऐकला आणि पुढचं काही ऐकलं नाही.

दोस्ताने एकच अट घातली. “कुशीवर पडतो, तोंडावर पडतो. पाठ टेकणार न्हाई.”

डायरेक्टर म्हणाला, चालेल.

मग मी कामाला लागलो. इतकं मन लावून मी कंपनीचंही काम कधी केलं नसेल. तळघरात खाली फरशी होती, डायरेक्टर त्यावर वाळू टाकणार होता. वाळूवर कातडं सोलून निघतं, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत. दोस्ताला लागेल म्हणून मी तालमीची माती आणायचं ठरवलं. वस्ताद तेव्हा लेकीकडे गेले होते, तालमीची किल्ली दोस्ताकडे असायची. आम्ही दोघांनी मारुतीपुढे नारळ फोडला, विचारलं, मारुती काही बोलला नाही, तेव्हा टेम्पोत पोती भरली. ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेली माती ती. पोतं उघडलं की वास घरात पोचल्यासारखा येतो. डायरेक्टरला आरडाओरडा करणारी माणसं हवी होती, ती मी गावातून आणि आसपासच्या वाड्यांतून आणली. त्याला काहीतरी ‘देशी बीट’ हवा होता, तर मी आमच्या जत्रेतले हलगीवालेच बोलावले. बायको म्हणाली, “सिनेमा त्यांचा हाये का तुमचा?” मुलीने वर्गात सांगून टाकलं होतं की बाबा एका पैलवानाला पाडणार आहेत.

यात मी काय करून ठेवलं हे माझ्या लक्षात आलं नाही. वस्तादांनी आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, सरावात पडलेलं धरत नाहीत. कुस्ती कशाला म्हणायचं? माती, माणसं, हलगी, तिन्ही असली की कुस्ती. मी तिन्ही गोष्टी स्वतःच्या हाताने गावातून उचलून तळघरात नेऊन ठेवल्या होत्या. दोस्ताच्या लक्षात आलं असणार. पण पोती भरताना तो काही बोलला नाही, कारण तो कुशीवरच पडणार होता.

शूटिंगच्या दिवशी पहिल्यांदा तो कुशीवर पडला. डायरेक्टरने डोकं हलवलं. कॅमेरा वर छताला लावला होता, चेहरा दिसला पाहिजे होता, डोळ्यांत दिवा चमकला पाहिजे होता. तोंडावर पडून बघितलं, तेही जमेना.

“दादा, पीठ पे गिरना पडेगा,” तो म्हणाला.

“पहिलंच सांगितलं व्हतं,” दोस्त म्हणाला.

“दादा, ये फिल्म है.”

“फिल्म तुमची हाये. पाठ माझी हाये.”

डायरेक्टर चिडला नाही, हे त्याचं कौतुक. त्याने शांतपणे सांगितलं की मग राहू द्या, उद्या मुंबईहून दोघं फायटर बोलावतो. दोघं म्हणजे माझ्याही जागी. मी लगेच म्हणालो, “राहू दे ना, काय एवढं, चल घरी.” शब्द बरोबर होते. पण तोंडाचं काय झालं असेल ते माझ्या तोंडालाच माहीत. दोस्त माझ्याकडे बघत राहिला. त्या वेळी मी नजर खाली घालायला हवी होती. त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला वर उन्हात न्यायला हवं होतं. मी ते केलं नाही. मी त्याच्याकडे बघत राहिलो, लहान पोर दुकानातल्या बरणीकडे बघतं तसा. आजही या गोष्टीची मला लाज वाटते.

त्याने खाली वाकून चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली. “चल,” तो म्हणाला. “ढाक लाव. बराबर लाव, न्हाईतर लोकं हसतील.”

मी ढाक लावली. नऊ वर्षांत मला तो डाव कधी लागला नव्हता. त्याचा हात काखेत धरला, वळलो, आणि त्याचं सगळं वजन माझ्या पाठीवरून असं सहज गेलं की मला क्षणभर वाटलं, मीच टाकला. तो सपाट पाठीवर पडला. आणि तळघरातली हलगी बंद झाली.

मी आणलेल्या गड्यांनी ओरडायचं होतं, रक्त मागायचं होतं, तसं त्यांना दोन तास शिकवलेलं. सगळे गप. ही सगळी गावाकडची माणसं. त्यांना सिनेमा दिसतच नव्हता. त्यांना दिसली ती मातीला लागलेली पाठ. मीही सवयीने वाकलो, हात देऊन त्याला उठवला आणि पाठ झाडायला गेलो.

“कट! ये क्या कर रहे हो? साफसफाई नहीं, लात मारो!”

कथेप्रमाणे मला पडलेल्याला लाथ मारायची होती. आमच्याकडे पाठ टेकलेल्या माणसाला बोट लावत नाहीत. दुसऱ्या वेळी मी पुन्हा हात पुढे केला. तिसऱ्या वेळी लाथ उचलली आणि ती त्याच्या शेजारच्या मातीत मारली. चौथ्या वेळी एका म्हाताऱ्या गड्याने मध्ये येऊन मला अडवलं, “आरं पडला ना त्यो, संपलं ना,” आणि सगळा शॉट वाया गेला. पाचव्या वेळी मीच थांबलो. डायरेक्टर टोपी काढून भिंतीला टेकून बसला. प्रत्येक वेळी दोस्त उठायचा, जागेवर उभा राहायचा आणि पुन्हा पडायचा. सहाव्यांदा पडल्यावर त्याने जमिनीवरूनच मला खुणावलं.

“मार की,” तो हळू म्हणाला. “किती बार पडू?”

सातव्या वेळी मी लाथ मारली. फार जोरात नाही, पण बसली. ओके म्हणून आरोळी झाली, तेवढ्यात हिरो आल्याची वर्दी आली आणि आम्हाला सगळ्यांना घाईघाईने बाहेर काढलं. दोस्ताने अंगावर सदरा चढवला, मोटारसायकलला किक मारली आणि गावी गेला. घरी येऊन हात धुवायला घेतले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की शेवटी त्याची पाठ झाडायची राहून गेली. तो सत्तर-ऐंशी किलोमीटर तशीच माती पाठीवर घेऊन गेला होता. माती पोत्यांतून परत तालमीत गेली, पण पाठीवरची हिशोबात नव्हती. मी बायकोला म्हणालो, जेवण नको. ती म्हणाली, जिंकलेल्या माणसाची भूक मरते हे आज कळलं.

पंधरा दिवसांनी तो मोसंबी घेऊन आला. नेहमीसारखा चहा प्यायला. मुलीने विचारलं, “काका, बाबांनी तुम्हाला खरंच पाडलं?” तर म्हणाला, “सात बार.” या वेळी तो तिच्याकडे बघून बोलला.

सिनेमा फाल्गुनात लागला. अख्खं गाव दोन जीपा आणि एका टेम्पोत बसून जालन्याला आलं. वस्तादही आले, काठी टेकत. ते थेटरात शेवटचे कधी गेले होते हे कुणालाच आठवत नव्हतं. मला वाटलं, माझ्या कौतुकासाठी आले.

माझा प्रसंग आला आणि गेला. कॅमेरा छतावर, त्यामुळे पडद्यावर माझं टक्कल, खांदा, आणि शेवटी पाय. मुलगी ओरडली, “बाबांचा अंगठा!” ते बरोबर होतं. माझा एवढाच पुरावा जगासमोर आला. पण दोस्त मात्र पडदाभर होता. पाठ मातीत, डोळे उघडे, दिवा चमकलेला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “टेकली की.” शिट्टी नाही, टाळी नाही. मला माझ्या खुर्चीत उकडायला लागलं. वस्ताद पुढे वाकून बघत होते. पुढे पडद्यावर हिरोने दोस्तासाठी गोळी झेलली, लोक रडले. मी माझ्या दोस्ताकडे बघितलं. तो पॉपकॉर्नच्या तळाशी राहिलेले न फुटलेले दाणे निवडून खात होता.

मग गावात चर्चा सुरू झाली. हनुमान जयंती तोंडावर आली होती. मानाची जोडी कोण लावणार? काही म्हणत, शिनेमातलं काय धरायचं. काही म्हणत, माती तालमीची होती, आपल्या डोळ्यांनी बघितलं. दोस्त शेतात पाणी धरत होता, त्याला कुणी विचारलं नाही, आणि तो कुणाला बोलला नाही. मला जालन्यात बसून सगळं कळत होतं. पावत्यांवर तारखा चुकायला लागल्या. शेवटी रविवारी पहिल्या बसने गावी गेलो आणि थेट वस्तादांकडे.

ते तालमीत बसून मातीतले खडे निवडत होते. मी समोर बसलो आणि सगळं ओकलो. माती मी नेली, माणसं मी आणली, हलगी मी बोलावली. तो पडला तो माझ्यासाठी पडला. मी ढाक लावलीच नव्हती, तोच गेला. चूक माझी आहे, त्याचा मान काढू नका.

वस्तादांनी हातातला खडा बाजूला टाकला. “मला ठावं हाये. दिवाळीनंतर मी लेकीकडून आल्तो ना, त्याच दिशी त्यो आल्ता. म्हणला, वस्ताद, पाठ टेकली. म्या इचारलं, कुणी टेकवली? तर तुझं नाव घेतलं.”

“शूटिंगचं सांगितलं नाही?”

“न्हाई. म्हणला, ढाक लावली, बराबर लावली. मला काय खरं वाटंना. तू आन् ढाक? म्हणून तर शिनेमा बघाय आल्तो.”

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. म्हणजे चार महिन्यांपूर्वीच त्याने हे सांगून टाकलं होतं, आणि मला कळू दिलं नव्हतं.

“मंग काय ठरवलं, वस्ताद?” माझ्या तोंडून गावची बोली कधी निघाली ते मला कळलं नाही.

“माती इचारत न्हाई, शिनेमा हाये का जत्रा हाये.” ते पुन्हा खडे निवडायला लागले. मग थांबून म्हणाले, “त्याची पाठ झाडली व्हतीस का?”

“न्हाई. राह्यली.”

“मंग संपली न्हाई ती.”

एवढं बोलून ते उठले आणि आत गेले. मी बसमध्ये बसलो तरी मला समजेना की ही शिक्षा झाली की सुटका.

जत्रेच्या दिवशी बायको आणि मुलीला घेऊन गेलो. फड भरला. नारळाच्या कुस्त्या झाल्या, त्यात पडणाऱ्या प्रत्येकाकडे मी आपुलकीने बघितलं. ऊन उतरायला लागलं तशी शेवटची जोडी लंगोट कसून उभी राहिली. ताटात गुलाबी फेटा ठेवला होता. माईकवर बोलणाऱ्या गुरुजींनी नेहमीचं वाक्य सुरू केलं, कोऱ्या पाठीचे आपले... आणि मध्येच अडखळले, कारण पुढे काय म्हणावं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दोस्त उठला. पांढरा सदरा, धुऊन इस्त्री केलेला. मातीत उतरला, गुरुजींच्या हातातून माईक घेतला. त्याने माईक हातात धरलेला मी कधी बघितला नव्हता.

“पाठ कोरी न्हाई राह्यली,” तो म्हणाला. “दिवाळीनंतर टेकली. माती आपलीच व्हती, माणसं आपलीच व्हती, हलगीबी आपलीच. ह्यानं टेकवली.” आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

सगळा फड माझ्याकडे वळला. मी उठून घाईघाईने सांगायला लागलो की अरे तो सिनेमा होता, तू मुद्दाम... तोवर तो माझ्यापर्यंत आला होता. मनगट धरून त्याने मला मातीत ओढलं. त्या पकडीत अजून तेवढीच ताकद आहे.

“गप उभा राह्य,” तो दात आवळून म्हणाला. “सात बार पडलो. सातबी बार उगंच पडलो व्हय?”

ताटातला फेटा त्याने उचलला आणि माझ्या डोक्याला बांधायला लागला. पदर मागे सोडला, घट्ट आवळला, कान दुखले. लोक हसत होते, शिट्ट्या वाजत होत्या, कुणीतरी हलगीवर थाप मारली. बायकांच्या बाजूला माझी बायको उभी होती आणि पहिल्यांदाच तिला माझ्याबद्दल बोलायला काही सुचत नव्हतं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. चोरीचा गूळ होता, तरी गोड लागला. पण या माणसाला वर्षातून दोन मिनिटं मिळायची. ती त्याने माझ्या डोक्याला गुंडाळली होती.

बाजेवर बसलेले वस्ताद काठी आपटून म्हणाले, “आजून संपली न्हाई.”

दोस्त माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मला समजलं. मी हात उचलला आणि त्या स्वच्छ, पांढऱ्या सदऱ्यावरून खांद्यापासून कमरेपर्यंत फिरवला. मग पुन्हा. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची पाठ झाडत होतो, आणि तिच्यावर मातीचा कणही नव्हता. मुलीने तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढला. तो आता आमच्या घरात टीव्हीच्या वर लावलेला आहे. त्यात माझ्या डोक्यावर फेटा आहे, दोस्ताचा चेहरा दिसत नाही, आणि माझा हात त्याच्या पाठीवर आहे.

त्या वर्षी मानाची जोडी वस्तादांनी स्वतः लावली. पण ते नंतर. त्याआधी दोन्ही पैलवान ताटकळत उभे होते, गुरुजी माईक धरून वाट बघत होते, आणि मी झाडतच होतो. शेवटी तोच मान न वळवता हळू म्हणाला, “बस कर आता. निघाली सगळी.”